अक्कलदाढेची प्रत

आधीच सांगून ठेवलेलं बरं, अक्कलदाढ हे नाव तिला कुणी चिडवायला ठेवलेलं नव्हतं. तिचं तिनेच घेतलं होतं. पन्नाशी उलटलेली बाई शाळाकॉलेजातल्या पोरांच्या कादंबऱ्या वाचते म्हटल्यावर लोक काय म्हणणार, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तेव्हा त्यांनी म्हणायच्या आत आपणच म्हणून मोकळं व्हावं! शिवाय धंदाही दातांचाच. ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे, ती त्यात प्लास्टर ओतून साचा काढायची, मेणात एकेक दात बसवायची, आणि कवळी तयार झाली की पलीकडच्या टेबलावर सरकवायची. तिथे पॉलिशवाला बसायचा. जिन्याखालची लांबट खोली, दोन टेबलं, मान वाकवता येणारे दोन दिवे, एवढाच तिचा कारखाना. पण शहरातली निम्मी म्हातारी माणसं आपल्या जिवावर हसतात, असं ती बिनदिक्कत सांगायची.

आणि फोनवर तिचा दुसरा संसार होता. 'अर्धं तिकीट' नावाचा वाचकांचा गट. तेरा-चौदापासून विशीपर्यंतच्या पोरांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या एकमेकांना सुचवायच्या, हे त्या गटाचं काम. शाळेतली मुलं होती, एक नर्स होती, आपल्या मुलाला वाचायला लावता लावता स्वतःच नादी लागलेला एक बाप होता. गट चालवायच्या हेडबाई, खऱ्याखुऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी नियम एकच केला होता, पण तो असा की कुणाची हूं की चूं करायची टाप नव्हती: शेवट फोडायचा नाही. शेवट सांगायचा नाही, सुचवायचा नाही, त्यावर चर्चासुद्धा करायची नाही. एकाने नुसतं 'बिचारा कुत्रा' एवढंच लिहिलं, तर हेडबाईंनी त्याला आठवडाभर गटाबाहेर उभं केलं होतं.

अक्कलदाढेची पुस्तक सुचवायची रीत वेगळी होती. कुणी 'काहीतरी छान सांगा ना' म्हटलं की बाकीचे धडाधड नावं टाकायचे. ही म्हणायची, "थांब, आधी माप घेऊ दे." मग तिचे ठरलेले प्रश्न. अर्ध्यात टाकून दिलेलं शेवटचं पुस्तक कुठलं? पुस्तकातल्या कुठल्या माणसाच्या कानाखाली द्यावीशी वाटली? आणि सध्या घरात कुणाशी वाजलंय? या शेवटच्या प्रश्नाला पोरं जी उत्तरं द्यायची त्यावरून ती एकच पुस्तक सांगायची. दुसरं नाही. "दोन कवळ्या देतं का कुणी?" नाकतोडा नावाचा एक कॉलेजातला आगाऊ मुलगा होता, तो तिला डिवचायचा, "दाढताई, तुमचं कधी चुकत नाही का हो?" ती लिहायची, "अजून तरी कुणी परत आणून दिलेली नाही."

आणि खरंच तिचं चुकायचं नाही. म्हणून तर पुढचं सगळं तिला इतकं लागलं.

सगळ्यात जास्त वेळा तिने जे पुस्तक सुचवलं होतं, त्याचं नाव 'कोरडे केस'. एका पोहणाऱ्या मुलीची गोष्ट. आईच तिची प्रशिक्षक. उजाडायच्या आत तलावावर, शाळेत ओल्या केसांनी, संध्याकाळी पुन्हा पाण्यात. पोरीचं अख्खं लहानपण क्लोरीनच्या वासात गेलेलं. तिला पोहायचं नाहीये, आणि हे ती सोडून कुणालाच माहीत नाही. शेवटी मोठ्या शर्यतीच्या दिवशी ती कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसते, बाहेर तिचं नाव पुकारलं जातं, आणि शेवटची ओळ येते: 'तिने बुटाची नाडी बांधली. केस कोरडेच राहिले.' बस्स. अक्कलदाढेने शाळेच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीतून ती प्रत उचलली होती. पाठीला चिकटपट्टी, कोपरे कुरतडलेले. ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा ती पुस्तक मिटून कितीतरी वेळ नुसती बसून राहिली होती.

त्याला कारण होतं. लहानपणी आईने तिला गाण्याच्या क्लासला घातलं होतं. गळा असा की ती रियाजाला बसली की शेजारीपाजारी खिडक्या लावून घ्यायचे. तरी वर्षामागून वर्षं ती जात राहिली, कारण आईला केवढं कौतुक! शेवटी गाण्याच्या बाईंनीच गाव बदललं म्हणून हिची सुटका झाली. पण पुरती कुठली? अजूनही चार नातेवाईक जमले की ऐंशीच्या घरातली आई म्हणायची, "म्हण ना गं ते एक." आणि पन्नाशीतली ही बाई, जी डॉक्टरांनाही 'माप चुकलंय, पुन्हा घ्या' असं तोंडावर सांगायची, ती मुकाट्याने उभी राहून बेसूर गायची. 'नाही' म्हणायचं राहूनच गेलं होतं. पुस्तकातल्या पोरीने ते हिच्या वाटचं म्हणून टाकलं होतं, असं तिला वाटायचं.

गटात ज्यांनी ज्यांनी ते पुस्तक वाचलं ते येऊन लिहायचे, "शेवट वाचून रडले हो!" ही लिहायची, "मीसुद्धा." पुढे बोलायला बंदीच होती, त्यामुळे विषय तिथेच संपायचा.

तर एके दिवशी गटात चष्मिश आली. सतरा वर्षांची मुलगी, बापाचं चष्म्यांचं दुकान, म्हणून हे नाव. अक्कलदाढेने माप घ्यायला सुरुवात केली आणि शेवटच्या प्रश्नावर मुलीने लांबलचक उत्तर दिलं. घरात वाजलेलं काहीच नाही, तीच तर अडचण. बाबांना तिला डॉक्टर करायचंय. प्रवेश परीक्षेत ती एकदा आपटली, आता दुसऱ्यांदा अर्ज भरायचा. तिला जमीन मोजायचं, नकाशे काढायचं शिकायचंय. तो कोर्स आहे, प्रवेशही मिळेल, पण मुदत येत्या सोमवारी संपते. बाबांना यातलं काही म्हणजे काहीच माहीत नाही. 'बाबा चांगले आहेत, म्हणून तर बोलता येत नाही,' असं तिने लिहिलं होतं. आणि खाली, 'असं पुस्तक हवंय ज्यात मुलगी नाही म्हणते आणि तरी आभाळ कोसळत नाही. ते वाचून झालं की रविवारी बोलीन म्हणते.'

अक्कलदाढेने क्षणभरही विचार केला नाही. 'कोरडे केस,' तिने लिहिलं. 'शेवटच्या पानापर्यंत जा. तुझंच माप आहे.'

मुलीने दोन दिवसांत पुस्तक मिळवून वाचलं. आणि बुधवारी सकाळी, अक्कलदाढ एका आजोबांच्या खालच्या दातांची रांग मेणात बसवत असताना, फोन वाजला.

'वाचलं,' चष्मिशने लिहिलं होतं. 'मला वाटलं होतं तुम्ही वेगळ्या असाल. म्हणजे तुमचंही म्हणणं तेच. शेवटी मोठ्यांचं ऐकायचं, मग सगळं गोड. ठीक आहे. अर्ज भरून टाकते.'

अक्कलदाढेची दातखीळ बसली. तिने पुन्हा वाचलं. मग मेणाचे हात तसेच ठेवून लिहिलं, 'अगं, काय वाचलंस तू? तिने कुठे ऐकलं?'

'शेवट फोडू नये,' हेडबाईंचा तात्काळ इशारा आला.

'फोडत नाही हो, पण ही मुलगी भलतंच पुस्तक वाचून आलीय!'

'तेच वाचलं,' चष्मिश म्हणाली, आणि त्यानंतर गप्प झाली.

आता अक्कलदाढेचं डोकं फिरलं. तिने गटातच ठणकावलं की नाकतोड्याने वगैरे कुणी या पोरीला काही भरवलं असेल तर तिच्याशी गाठ आहे. नाकतोडा बिचारा खरोखर निर्दोष होता. त्याने खासगीत लिहिलं, 'दाढताई, भांडण नको. माझ्याकडे पुस्तक आहे. शेवटचं प्रकरण पाठवू का?' आणि एकामागून एक फोटो आले.

तिने पहिला उघडला. 'दार उघडून आई आत आली,' अशी त्याची सुरुवात होती.

आई? कुठली आई?

जेवणाची सुट्टी झाली होती. पॉलिशवाल्याने मशीन बंद केलं, डबा उघडला आणि हिच्याकडे पाहिलं. "बाई, जेवता ना?" ही फोनमध्ये डोकं घालून बसलेली. आई येते, दोघी गळ्यात पडतात, पोरीला कळतं की आई म्हणते तेच खरं. पोरगी बूट काढते. नाडी बांधलेले ते बूट! पाण्यात उडी मारते, पहिली येते, आणि ओल्या केसांनी आईकडे बघून हसते. समाप्त.

तिची प्रत नेहमी पिशवीत असायची. तिने ती काढली, शेवटचं पान उलटलं, आणि मागचं पुठ्ठ्याचं कव्हर नखाने जरासं उचकटलं. आत दोऱ्याचे तुकडे होते. फाटलेल्या कागदाची बारीक कड होती. पानांचा शेवटचा अख्खा गठ्ठा कधीतरी गळून गेला होता, आणि कुणीतरी कव्हर पुन्हा नीट चिकटवून टाकलं होतं. प्रकरण नेमकं पानाच्या तळाशी संपलेलं, म्हणून संशयाला जागाच नव्हती.

"काय झालं हो?" पॉलिशवाल्याने विचारलं.

"माझ्या पुस्तकाची दाढ पडलीय," ती म्हणाली. "आणि मला इतकी वर्षं पत्ता नाही."

पॉलिशवाल्याला सगळी हकिकत सांगितली तेव्हा तो घास तोंडात तसाच ठेवून हसायला लागला. "बाई, तुम्ही रस्त्यावरच्या माणसाचं हसू बघून सांगता आतला कुठला दात नाही ते!"

"हसा, हसा."

"आणि ते बाकीचे रडत होते ते?"

ते तिच्या आत्ता लक्षात आलं. ते सगळे आईच्या मिठीवर रडले होते. ही बुटांवर रडली होती. इतकी वर्षं 'काय शेवट आहे!' 'हो ना, काय शेवट आहे!' म्हणत दोन्ही बाजू खुशीत होत्या, आणि कुणी कुणाला विचारलं नव्हतं, कारण विचारायचं नाही हा नियम. तिला स्वतःचाही राग आला आणि हसूही आलं. पण हसू फार टिकलं नाही. आपण एका मुलीला हात धरून दारापर्यंत नेलं आणि तिथे दार तिच्या तोंडावर आपटलं, हे तिला सहन होईना. तिला रडू आलं. डोळे पुसायला गेली तर गालाला मेण लागलं.

संध्याकाळी घरी गेली तर आई खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. तोंडात लेकीने बनवलेली कवळी, एकदम फिट्ट.

"आई, तू मला गाण्याला का घातलं होतंस गं?"

"का म्हणजे? तुला आवडायचं म्हणून."

"मला?"

"मग काय मला? वर्षानुवर्षं गेलीस की हसत हसत. मला काय स्वप्न पडणार होतं? एकदा तरी तोंड उघडलंस का?"

अक्कलदाढेने शेंगांची परात पुढे ओढली आणि तीही सोलायला बसली. आई आपली सोलतेय, मधूनच एखादा दाणा तोंडात टाकतेय. एवढी साधी गोष्ट. आईला ठाऊकच नव्हतं. ना छळ, ना हट्ट. लेकीचं माप कुणी घेतलं नव्हतं, कारण लेकीने द्यायला तोंडच उघडलं नव्हतं. परात रिकामी व्हायच्या आत तिने हात झटकले आणि फोन घेतला.

गटात तिने जे लिहिलं त्यात गयावया नव्हती. ती तिची पद्धतच नव्हती.

'हेडबाई, मी शेवट फोडणार आहे. काय शिक्षा द्यायची ती द्या. चष्मिश, ऐक. माझ्या प्रतीत शेवटचं प्रकरणच नाही. खाली फोटो देते, फाटलेली कड बघ. माझं पुस्तक बुटाच्या नाडीपाशी संपतं. मी तुला तिथपर्यंतचंच सुचवलं होतं. उरलेलं आज वाचलं आणि मला ते साफ नापसंत आहे. लेखकाला पोरीपेक्षा आईची काळजी जास्त वाटलेली दिसते. माझी चूक झाली, पण माझं माप चुकलेलं नाही. आणि आणखी एक. आमच्यात कवळी पक्की करायच्या आधी मेणातले दात पेशंटच्या तोंडात बसवून बघतात. तेव्हाच म्हणायचं, इथे टोचतं. तेव्हा गप्प बसलेली माणसं पुढे जन्मभर टोचणारे दात घालून हिंडतात, आणि वर डॉक्टरला वाटतं, काय सुंदर बसलेत. तुझ्या बाबांना ठाऊकच नाही तुला काय टोचतं ते. अर्ज भरायचा तर भर, पण सांगून भर.'

मग नाकतोड्याने लिहिलं, 'दाढताई, मलासुद्धा ते प्रकरण कधी पटलं नव्हतं. बोलायची सोय नव्हती म्हणून गप्प होतो.' नर्सने लिहिलं, मला तर आईची मिठीच आवडली, भांडा आता. हेडबाईंनी कुणालाच बाहेर काढलं नाही. त्यांनी एवढंच लिहिलं, 'आज सुट्टी.'

चष्मिशचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. एकच ओळ. 'तुमची प्रत मला पाठवाल?'

बाकी कुणी मागितली असती तर अक्कलदाढेने हात झटकले असते. ती प्रत ती भाचरांनाही घरी नेऊ द्यायची नाही. पण तिने मुकाट्याने कागदात गुंडाळली, वर पत्ता घातला, आणि कुरियरवाल्याला बजावलं, "शनिवारी पोचलं नाही तर मी तुझ्या ऑफिसात येऊन बसेन." पत्ता बाबांच्या दुकानाचा होता. घरी दिवसा कुणी नसतं, असं मुलीने कळवलं होतं.

शनिवारी दुपारी फोन वाजला. 'पार्सल बाबांनी फोडलं!!!'

अक्कलदाढेच्या हातातला दात मेणात तिरका बसला. 'मग?'

'बाबांना एक खोड आहे. कुठलंही पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान वाचतात. बरं असलं तरच पहिलं उघडतात. आत्ता दुकानात उभं राहून शेवटचं पान वाचतायत.'

'आणि?'

'दोनदा वाचलं. आता पहिलं पान उघडून खुर्चीवर बसले. गिऱ्हाईक उभं आहे.'

छापलेली नवी प्रत त्यांच्या हातात पडली असती तर पदक आणि मिठी वाचून त्यांनी समाधानाने पुस्तक मिटलं असतं. आता काय करतील कोण जाणे. "पोरीवर डाफरले तर माझ्यामुळे," ती पॉलिशवाल्याला म्हणाली. पॉलिशवाला म्हणाला, "बाई, तो दात सरळ करा आधी."

शनिवारची संध्याकाळ गेली. रविवारची सकाळ गेली. अक्कलदाढेने घरातले सगळे डबे घासून काढले. आई म्हणाली, "कुणी यायचंय का?" दुपारी उशिरा गटात चष्मिशचा मजकूर उतरला, आणि अक्कलदाढ ओल्या हातांनी तशीच जमिनीवर बसून वाचायला लागली.

'शेवट फोडते आहे, माफ करा. बाबांनी पुस्तक आज जेवणानंतर संपवलं. पान उलटलं, कव्हर बघितलं, पुन्हा पान उलटलं. मला म्हणाले, "यापुढची पानं कुठे गेली? पोरगी बूट घालून बसलीय. पुढे काय झालं?" मी म्हटलं, "बाबा, पुढचं मी सांगते." आणि सांगितलं. अर्जाचं, मोजणीचं, नकाशांचं, सगळं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. मला वाटलं, संपलं. मग म्हणाले, "तिची आई रोज तलावाच्या काठावर उभी असायची. मग तिला कसं दिसलं नाही?" आणि मग म्हणाले, "तुझा तो कोर्स, उद्या किती वाजता उघडतं त्यांचं ऑफिस?"'

अक्कलदाढेने फोन छातीशी धरला आणि ढसाढसा रडली. आनंदाने, दुसरं काही नाही.

आई काठी टेकत स्वयंपाकघरात आली. "अगं बाई! काय झालं?"

"एक मुलगी 'नाही' म्हणाली."

"मग रडायचं काय त्यात? चांगलं झालं की वाईट?"

"फार चांगलं झालं, आई."

"मग झालं तर," म्हणत आई स्टुलावर टेकली, पदर सारखा केला आणि खुशीत म्हणाली, "आनंदाची गोष्ट आहे ना? म्हण बघू ते एक गाणं."

अक्कलदाढेने डोळे पुसले. तोंड उघडलं. घसा खाकरला, सवयीने.

"नाही," ती म्हणाली.

आईने तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग लेकीने घडवलेली ती अख्खी बत्तीशी दाखवत अशी हसली की काठी हातातून निसटली.

"सुटले गं बाई एकदाची," आई म्हणाली. "मला वाटायचं, गा म्हटलं नाही तर तुझं मन मोडेल."